पुस्तकांची लिस्ट मागितलीस म्हणून

अगं,

तुझा मेसेज मिळाला. 'सर, स्वतःला घडवायला चांगली पुस्तकं सांगा ना, कथा-कादंबऱ्या नकोत, टॉप टेन द्या.' दोन ओळींचा प्रश्न, पण दोन दिवस डोक्यातून जात नाहीये, आणि फोनवर टाइप करून उरकण्यासारखा हा विषय नाही म्हणून सरळ पत्र लिहायला बसलोय. दहा नावं मी देणार नाही. दहा नावं मिळाली की माणूस दहाच्या दहा मागवतो, पहिल्याची तीस-चाळीस पानं वाचतो आणि बाकीची तशीच कपाटात धूळ खातात, माझ्याच घरात हे झालंय.

मी पंचवीसचा असताना माझी पहिली कंपनी बंद पडली. आठ महिने घरी होतो. त्या काळात फुटपाथवरून यशाची, श्रीमंतीची, मनाच्या ताकदीची अशी मिळतील ती पुस्तकं आणायचो आणि एक दोनशे पानी वही केली होती, पाच वर्षांत मी काय काय होणार ते सगळं त्यात लाल पेनाने लिहिलेलं. पुस्तक वाचलं की दोन दिवस अंगात वारं भरल्यासारखं व्हायचं, तिसऱ्या दिवशी पुन्हा जैसे थे, मग पुढचं पुस्तक. आणि या सगळ्यात मला मशीनच्या पार्टचं ड्रॉइंग धड वाचता येत नव्हतं ते नव्हतंच. वही भरली, हात रिकामेच राहिले. म्हणून तुला आधी एवढंच सांगतो की पुस्तक मिटल्यावर तुझ्या हाताला काहीतरी काम उरलं पाहिजे, नुसता जोर आला आणि काम काहीच उरलं नाही तर ते पुस्तक तुझ्या आत्ता कामाचं नाही.

त्याच दिवसांत सावानात जायला लागलो. आपलं सार्वजनिक वाचनालय, १८४० सालचं आहे ते, आणि तू नाशिकमध्ये तीन वर्षं राहून अजून मेंबर नाहीस याचं मला खरंच वाईट वाटतं. तिथे काउंटरवरच्या बाईंनी मला 'एक होता कार्व्हर' काढून दिलं. वीणा गवाणकरांचं, १९८१ साली आलेलं. कदाचित शाळेत तुझ्या हाताखालून गेलं असेल, पण आता परत वाच, नोकरीला लागल्यावर ते वेगळं लागतं.

पुढे शेतीचे शास्त्रज्ञ झालेले जॉर्ज कार्व्हर अमेरिकेत गुलामाच्या पोटी जन्मले. तान्हं असताना आईसकट पळवले गेले, आईचा पत्ता लागलाच नाही, आणि हे पोर एका घोड्याच्या बदल्यात मालकाला परत मिळालं. पुढे एका कॉलेजने पत्राने प्रवेश दिला आणि दारात गेल्यावर कातडीचा रंग बघून परत पाठवलं. पण माझ्या मनात घर करून बसलाय तो प्रसंग याच्या नंतरचा आहे. १८९६ साली ते टस्कीगीला, अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थेत, शिकवायला गेले तर तिथे प्रयोगशाळाच नव्हती. मग त्यांनी मुलांना बरोबर घेतलं आणि उकिरड्यावरून, भंगारातून बाटल्या, डबे, जुने दिवे, फुटकी भांडी गोळा करून आणली, आणि त्यातून लॅब उभी केली. आठ महिने घरी बसलेल्या माझ्यासारख्या पोराने ते पान वाचलं तेव्हा काय वाटलं असेल बघ, मी 'चांगली संधी' येण्याची वाट बघत होतो आणि हा माणूस फुटकी बाटली घासून कामाला लागला होता. दुसऱ्या दिवशी मी शेजारच्या वर्कशॉपमध्ये जाऊन म्हटलं, पगार नको, जुनी ड्रॉइंगं बघू द्या. तिथून माझं ड्रॉइंग सुरू झालं.

आणि हे पुस्तक तुला हाताने पण वाचता येईल, कारण तुझ्या वडिलांचं शेत आहे. कापूस घेऊन घेऊन टस्कीगीकडची जमीन पार खंगली होती, तर कार्व्हरनी शेतकऱ्यांना भुईमूग, चवळी, रताळी लावायला सांगितली. आता यातला भुईमूग आणि चवळी का, तर पुढच्या वेळी गावी गेलीस की भुईमुगाचं एक झाड मुळासकट अलगद उपट, मुळांवर बारीक बारीक गाठी दिसतील, त्यातली एक नखाने फोड. आतून गुलाबी निघाली तर समज ती गाठ कामावर आहे, आतले जिवाणू हवेतला नायट्रोजन पकडून झाडाला देतायत. मी चाळिशीत पहिल्यांदा ही गाठ फोडून बघितली, आणि ज्या माणसाचं लहानपण भुईमुगाच्या शेंगा तोडण्यात गेलं त्याने हे कधी बघितलंच नव्हतं.

दुसरं पुस्तक तुझ्या ओळखीच्या गोष्टीवरून सांगतो. तू ट्रेनी म्हणून आलीस तेव्हा इन्स्पेक्शन टेबलामागच्या फळ्यावर मी एक प्रश्न लिहून ठेवायचो, आठवतं? मशीनवरून गरम गरम उतरवलेला जॉब, म्हणजे घडवलेला पार्ट, आणि तोच जॉब तासाभराने मोजला तर माप का बदलतं, हा तुमच्या बॅचचा पहिला प्रश्न होता. तुला चार दिवस लागले आणि चौथ्या दिवशी तू उत्तर घेऊन आलीस की धातू गरम असताना फुगतो, म्हणून माप वीस डिग्री सेल्सिअसला धरतात, कँटीनमध्ये, हातात चहाचा कप तसाच धरून. ही फळ्याची युक्ती माझी नाही. जयंत नारळीकरांच्या 'चार नगरांतले माझे विश्व' मधून उचललेली आहे. ते बनारसला लहानाचे मोठे झाले, घरात भिंतीवर फळे होते, आणि त्यांचा मोरूमामा त्यांच्याकडे शिकायला राहिलेला, तो फळ्यावर या भाच्याला आव्हान म्हणून एक गणित लिहून ठेवायचा आणि सुटेपर्यंत ते गणित तिथेच राहायचं. येता जाता, जेवायला बसताना, ते समोर. ओरडणं नाही, क्लास नाही. या पुस्तकाला २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालाय. पुस्तक जाडजूड आहे, केंब्रिजचा भाग निवांत वाच, पण बनारसचा भाग आधी वाच आणि तुझ्या रूमवर एक छोटा पांढरा बोर्ड लाव. त्यावर टार्गेट लिहू नकोस, प्रश्न लिही, एकच.

तिसरं 'स्मृतिचित्रे', लक्ष्मीबाई टिळकांचं. नाव ऐकून जुनाट वाटेल, पहिला भाग १९३४ चा आहे, पण भाषा अशी की समोर बसून कुणी आजी बोलतेय. त्या आपल्याच भागातल्या, नाशिकजवळच्या जलालपूरच्या. शाळेत कधी गेल्या नाहीत. नवरा कवी, बुद्धीचा, पण रागीट आणि न सांगता घरातून निघून जाणारा, आणि त्याने १८९५ साली ख्रिस्ती धर्म घेतला तेव्हा या बाईचं जगच उलटंपालटं झालं, काही वर्षं दोघं वेगळी राहिली. सोवळ्या-ओवळ्यात वाढलेली ही बाई मग स्वतःशीच विचार करत करत, कुणी भाषण न देता, इथवर येते की जात माणसांनी केलीय आणि मी ती सोडते. माणसाचं मन बदलतं म्हणजे नेमकं काय होतं हे मला याच्याइतकं जवळून दुसऱ्या कुठल्या पुस्तकात दिसलं नाही.

माझी आई चौथी शिकलेली. शेवटच्या वर्षी तिला दिसायचं कमी झालं तेव्हा रोज रात्री जेवणं झाल्यावर मी तिला यातली दोन-तीन पानं वाचून दाखवायचो. ती लसूण सोलत ऐकायची, आणि मध्येच हात थांबायचा. एकदा म्हणाली, 'थांब, हे परत वाच, हे माझंच आहे.' मी परत वाचलं. त्या रात्री पहिल्यांदा तिने मला तिच्या लग्नातलं काहीतरी सांगितलं जे आम्हा भावंडांपैकी कुणाला माहीत नव्हतं. म्हणून सांगतो, हे एकटीने वाचू नकोस, आईला फोनवर वाचून दाखव, रविवारी दहा मिनिटं.

'आमचा बाप आन् आम्ही' तू वाचलंयस असं मागे म्हणाली होतीस. नसेल पूर्ण झालं तर कर. नरेंद्र जाधवांचे वडील ओझरचे, मुंबईत पोर्ट ट्रस्टमध्ये कामाला, रिटायर झाल्यावर मुलाच्या आग्रहाने वहीत मोडक्यातोडक्या मराठीत स्वतःची कहाणी लिहिली त्यांनी. त्यावरून एक काम कर, पप्पांना एक वही आणून दे. त्यांनी द्राक्षबाग का तोडली, विहिरीचं कर्ज कसं फेडलं, हे तुझ्या घरात कुणीच लिहून ठेवलेलं नाही.

अनिल अवचटांचं काहीही घे, सुरुवातीला 'माणसं' घे. शिक्षणाने डॉक्टर असलेला हा माणूस हमालांजवळ, तंबाखूच्या वखारीतल्या बायकांजवळ जाऊन बसला, विचारत राहिला आणि जसं दिसलं तसं लिहिलं. तुला क्वालिटीत पुढे जायचंय ना, तर ऑपरेटरला 'रिजेक्शन का आलं' असं दरडावून विचारणं आणि त्याच्या शेजारी उभं राहून 'दादा, हा जॉब लावताना कुठे अडतं?' असं विचारणं यातला फरक या पुस्तकात शिकायला मिळेल, कुठल्या ट्रेनिंग प्रोग्रॅममध्ये मिळणार नाही.

'अ‍ॅटॉमिक हॅबिट्स' बद्दल तू मागे विचारलं होतंस. जेम्स क्लिअरचं, २०१८ चं. वाच की, चांगलं आहे. सवय इतकी छोटी कर की सुरू करायला दोन मिनिटं पुरावीत, आणि जी गोष्ट करायचीय ती डोळ्यासमोर ठेव, या दोन गोष्टी त्यातून घे आणि वापर. पण त्या जातीचं एकच वाच. दुसरं, तिसरं, चौथं वाचत गेलीस तर ते वाचणं हीच एक सवय होऊन बसते, आणि कामाला लागणं राहून जातं, माझे आठ महिने असेच गेले.

डॉ. अभय बंगांचं 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' आत्ता नको, तिशीनंतर वाच. नाही, चुकलं, आत्ताच वाच. स्वतः डॉक्टर, गडचिरोलीत लोकांच्या आरोग्याचं काम करणारा माणूस, आणि स्वतःच्या जेवणाकडे, झोपेकडे, मनाकडे मात्र बघायचं राहून गेलं हे ते कुठलीही लाज न बाळगता सांगतात. तू नाइट शिफ्टला वडापाव आणि चहावर काढतेस हे मला माहीत आहे.

इरावती कर्व्यांचं 'युगान्त', महाभारतातल्या माणसांवरचं, पुढच्या वर्षी. लगेच झेपणार नाही असं नाही, पण त्याला निवांत वेळ दे.

इंग्रजीतून वाचावं का मराठीतून, हेही तू मागे विचारलं होतंस. ज्या भाषेत तू भांडतेस त्या भाषेत आधी वाच. इंग्रजी येईलच, त्यासाठी वेगळं काहीतरी रोज वाच, मशीनचं मॅन्युअल सुद्धा चालेल. पण स्वतःबद्दल विचार करायला लावणारं पुस्तक वाचताना अर्धं लक्ष शब्दाच्या अर्थात गेलं तर विचार राहून जातो. आणि महिन्याला एकच, पेन्सिल घेऊन. आवडलं नाही तर पन्नास पानांवर सोड, अपराधी वाटून घेऊ नकोस, फक्त का सोडलं ते शेवटच्या कोऱ्या पानावर एका ओळीत लिही. लायब्ररीचं असेल तर वहीत लिही, पुस्तकावर नको.

कार्व्हरची माझी स्वतःची कॉपी या पत्राबरोबर सिक्युरिटी केबिनमध्ये ठेवतोय, ब्राउन पेपरचं कव्हर आहे, तुझं नाव सांगितलंस की देतील. त्यात पेन्सिलच्या खुणा आहेत, काही माझ्या, काही तुझ्या आधीच्या दोन बॅचच्या पोरांच्या. तू पण कर. भंगारातल्या लॅबच्या पानापर्यंत पोचलीस की मला फोन कर, रात्री नऊनंतर केव्हाही, आणि बोर्डवर पहिला प्रश्न काय लिहिलास तेही सांग.

तुझा,
सर