पायाची दुखापत आणि सायकल: वाचकांचे प्रश्न

‘चालायला मनाई आहे, पण सायकल तर चालेल ना?’ हा प्रश्न इतक्यांदा येतो की एकदा नीट उत्तर दिलेलं बरं. सायकलवर अंगाचा भार सीट पेलते, म्हणून पायाला ती चालण्यापेक्षा हलकी पडते, हे बरोबर. पण पेडल दाबलं जातं चवड्याने, आणि चढता-उतरताना अख्खं वजन एका पायावर येतं. दुखापत नेमकी कुठे आहे हे कळल्याशिवाय ‘चालेल’ म्हणता येत नाही.

घोटा मुरगळून आठवडा झाला. सूज उतरली आहे, एक्स-रे काढलेला नाही. सायकल सुरू करू का?

आधी चार पावलं टाकून पाहा. मग घोट्याच्या आतल्या आणि बाहेरच्या हाडाची मागची कड, खालच्या टोकापासून वर 6 सेंटीमीटरपर्यंत, बोटाने दाबा. करंगळीच्या बाजूला पायाच्या मध्यावर हाडाचा उंचवटा लागतो, तो दाबा. आतल्या बाजूला कमानीच्या वर हाड लागतं, तेही दाबा. पावलं टाकता आली नाहीत किंवा यातल्या एकाही जागी कळ आली, तर आधी एक्स-रे.

काहीच दुखलं नाही तर घरातल्या किंवा जिममधल्या स्थिर सायकलवर 10 मिनिटं, जवळजवळ शून्य जोर ठेवून, मिनिटाला 60-70 फेऱ्या. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी: घोटा सुजला किंवा जास्त आखडला, तर दोन दिवस थांबा आणि वेळ निम्मी करा. रस्त्यावर जाण्याआधी त्या एका पायावर न धरता अर्धा मिनिट उभं राहता आलं पाहिजे. क्लीटचे, म्हणजे तळाच्या खाचेने पेडलला अडकणारे, बूट इतक्यात वापरू नका. ते सोडवायला टाच झटक्याने बाहेर फिरवावी लागते, आणि त्या झटक्याचा ताण दुखावलेल्या लिगामेंटवरच (हाडांना हाडं बांधणाऱ्या पट्ट्यावरच) येतो.

पायाला प्लॅस्टर आहे. हळूहळू स्थिर सायकल चालवू?

नाही. आणि प्लॅस्टर असताना पोटरी दुखू लागली, ताठरली, बोटं सुजली किंवा दम लागला, तर वाट न पाहता त्याच क्षणी रुग्णालय गाठा. रक्ताची गुठळी झालेली असू शकते.

करंगळीमागच्या हाडाला ‘क्रॅक’ आहे. पाच आठवडे झाले. डॉक्टरांनी आधाराचा (प्लॅस्टरऐवजी देतात तो) बूट घालून चालायला सांगितलंय. सायकल?

‘क्रॅक’ एवढ्या शब्दावर उत्तर देता येत नाही. हाडाच्या अगदी मागच्या टोकाचा तुकडा निघाला असेल, तर तो साधारण 6 ते 8 आठवड्यांत जुळतो. त्याच्या थोडं पुढे हाड मोडलं असेल, तर त्याला जोन्स फ्रॅक्चर म्हणतात. सर रॉबर्ट जोन्स या शल्यचिकित्सकांनी 1902 मध्ये त्याचं वर्णन केलं, आणि त्यात नाचताना मोडलेला त्यांचा स्वतःचा पायही होता. त्या जागी रक्तपुरवठा कमी, त्यामुळे हाड जुळायला रेंगाळतं, कधी जुळतच नाही आणि स्क्रू घालावा लागतो. तुमचं कुठलं, हे डॉक्टरांना एक्स-रेवर बोट ठेवून दाखवायला सांगा.

परवानगी मिळाली की चवडा पेडलवर ठेवू नका. पाऊल पुढे सरकवून पेडल कमानीखाली घ्या, म्हणजे बोटांमागच्या लांब हाडांवरचा वाक कमी होतो. असं केलं की पाय आखूड पडतो, म्हणून सीट 5 ते 10 मिलिमीटर खाली घ्या. बूट कडक तळव्याचा हवा: दोन हातांत धरून दुमडा, मधोमध वाकला तर तो बाद. चढावर उभं राहून पेडल मारणं बंद. गिअर हलका ठेवा.

डाव्या पायाची दुखापत बरी होत आली. कॉलेज 4 किलोमीटरवर. दांड्याची सायकल आहे.

टांग मारून बसू नका. डाव्या पेडलवर उभं राहून उजवा पाय मागून फिरवता, तेव्हा तुमचं सगळं वजन दुखऱ्या चवड्यावर येतं, आणि तेही हलत्या सायकलवर. सायकल तुमच्याकडे कलती करा, दांड्यावरून पाय टाकून दोन्ही पावलं जमिनीवर ठेवा आणि मग सीटवर बसा. महिनाभर लेडीज सायकल मिळाली तर उत्तम. सीट इतकी खाली घ्या की बसल्या बसल्या दोन्ही पायांचे चवडे टेकतील.

थांबणं याहून अवघड आहे. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने जातो, त्यामुळे सिग्नलला डावा पाय आपोआप फुटपाथच्या कडेवर जातो. तुम्हाला आता उजवा पाय टेकायचा आहे, म्हणजे वाहनांच्या बाजूला. ही सवय मोकळ्या मैदानात आठवडाभर घोटवा. तोवर कॉलेजला बसने जा, आणि रस्त्यावर उतरण्याआधी फिजिओथेरपिस्टला एकदा पाय दाखवा.

पेडलच्या पट्ट्यात पाऊल अडकून पडलो. एक्स-रे नॉर्मल. शेजारच्यांनी सांगितलेल्या माणसाकडून तीन वेळा मालीश करून घेतली. तीन आठवडे झाले, अजून टाच उचलता येत नाही. तळपायावर काळानिळा डाग पडला होता.

हे सविस्तर लिहायलाच हवं. पायाची इतकी निसटणारी दुखापत दुसरी क्वचितच असेल, आणि ‘एक्स-रे नॉर्मल’ या दोन शब्दांवर माणसं महिनेच्या महिने काढतात.

बोटांमागची पाच लांब हाडं पायाच्या मध्यावर मागच्या लहान हाडांना जोडली जातात. जॅक लिसफ्रांक या फ्रेंच शल्यचिकित्सकावरून या सांध्याला लिसफ्रांक म्हणतात. शेजारशेजारच्या लांब हाडांची मुळं एकमेकांना लिगामेंटने बांधलेली असतात. फक्त पहिल्या आणि दुसऱ्याच्या मध्ये तो बांध नाही. तिथला सगळा भरवसा एका तिरक्या लिगामेंटवर. चवडा पट्ट्यात जखडलेला आणि अंग सायकलसकट कलंडलेलं, अशा पिळात तेच तुटतं. रक्त खाली उतरतं आणि तळपायाच्या कमानीत डाग दिसतो. साध्या मुरगळीत डाग घोट्याच्या बाजूला पडतो. तळपायावरचा डाग हा इशारा आहे.

मग एक्स-रे नॉर्मल कसा? कारण तो बहुतेक वेळा आडवं झोपवून काढतात. भार नसला की हाडं जागच्या जागी बसलेली दिसतात. उभं राहिल्यावर फट उघडते. पहिल्या दोन लांब हाडांच्या मुळांशी 2 मिलिमीटरहून जास्त अंतर दिसलं तर संशय पक्का होतो. म्हणून डॉक्टरांना स्पष्ट सांगा: ‘तळपायावर डाग होता, टाच उचलवत नाही, दोन्ही पायांचे उभ्याने एक्स-रे हवेत.’ दुसरा पाय तुलनेसाठी. दुखण्यामुळे उभंच राहता येत नसेल तर सीटी किंवा एमआरआयबद्दल विचारा.

मालीश आजपासून बंद. सैल झालेला सांधा ओढून-चोळून बसत नाही, आणखी सैल होतो. आठ दिवस थांबू, पुन्हा एकदा तेल लावून पाहू, हे करू नका. सांधा स्थिर असेल तर आधाराचा बूट किंवा प्लॅस्टर आणि काही आठवडे भार बंद, एवढ्यावर भागू शकतं. सरकला असेल तर स्क्रू किंवा प्लेट लागते, आणि ते जितकं लवकर तितकं सोपं. सोडून दिलं तर कमान खचते, सांधा झिजतो. पेडलचा प्रत्येक दाब याच सांध्यातून जातो, म्हणून सायकल पूर्ण बंद. या आठवड्यातच पायाच्या शस्त्रक्रियेचा अनुभव असलेल्या अस्थिरोगतज्ज्ञांना भेटा.

दुकानात पाय स्कॅन करून साडेचार हजारांचे इनसोल (बुटात घालायचे तळवे) सांगितले. हाड लवकर जुळेल म्हणाले.

इनसोलने हाड जुळत नाही. स्कॅनरवर दिसणारे लाल-पिवळे रंग म्हणजे तळव्यावरचा दाब. त्यावरून फ्रॅक्चर कळत नाही. तपासणारा आणि विकणारा एकच असेल तर पैसे देण्याआधी डॉक्टरांना विचारा.

टाचेच्या वरची शीर दुखते. सायकलने वाढते.

सीट तपासा. पेडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली की गुडघा जेमतेम सरळ व्हावा. सीट फार खाली असली तर पेडल मारताना टाच बुडते आणि शीर ताणली जाते. ती जागा सुजली असेल किंवा ‘टक्’ असा आवाज होऊन दुखू लागली असेल, तर सायकल ठेवा आणि तपासून घ्या.

वडिलांना 15 वर्षं मधुमेह. महिन्यापूर्वी पाय मुरगळला. पाय लाल, गरम आणि सुजलेला आहे, पण दुखत नाही. म्हणून रोज अर्धा तास स्थिर सायकल चालवतात.

सायकल आत्ताच थांबवा. पायावर भारही नको. उठायचं तर कुबड्या किंवा खुर्ची. मधुमेहात नसा बधिर झाल्या की हाडं मोडत असतानाही दुखत नाही. याला शार्को फूट म्हणतात, आणि चालत राहिलं तर काही आठवड्यांत पायाचा आकार बिघडतो. दोन्ही पायांवर हाताची मागची बाजू ठेवून पाहा, गरमपणातला फरक लगेच जाणवेल. जंतुसंसर्गही असाच दिसतो, तेव्हा घरी निदान करू नका. आजच दाखवा, उद्यावर ढकलू नका.