नाशिकला समुद्र नाही, मग बोट कुठून पकडायची?

प्रश्न : ताई, आम्ही इंदिरानगरला राहतो. दिवाळीत मी, मिसेस, आई आणि दोन पोरं असं क्रूझला जायचं चाललंय, पण जिथे बघावं तिथे बोट सुटणार मुंबईहूनच. आईचं वय 74, त्यात कसारा घाट, पुढे भिवंडीचं ट्रॅफिक आणि वर पार्किंगची बोंब. गुजरातेत हजिरा आहे, आपल्याकडे रत्नागिरी आहे, आता वाढवणला एवढं मोठं पोर्ट होतंय, मग कंपन्या तिथून बोटी का सोडत नाहीत? सोडायला पाहिजेत की नको?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : दादा, आधी नकाशा उघडा. रत्नागिरी आपल्याला पाचशे किलोमीटरच्या घरात, हजिरा मुंबईपेक्षा लांब. वाढवण त्र्यंबक-जव्हारवरून जवळ वाटतं खरं, पण ते होतंय कंटेनरसाठी, तिथे नैसर्गिक खोलीच 20 मीटरची आहे म्हणून मोठाली मालवाहू जहाजं येणार. त्यातून आपली द्राक्षं जातील कदाचित, आपण नाही. म्हणजे इतर ठिकाणांहून बोटी सुटल्या तरी नाशिककराला काय फायदा, सांगा बरं.

आता कंपन्यांचं. बोट सुटणं आणि बोट थांबणं यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. मुंबईहून जाणारी कॉर्डेलिया कंपनीची एम्प्रेस बघा, 1990 ची बांधणी, लांबी 210 मीटरच्या वर. जिथून ती सुटते तिथे सकाळी दीड-दोन हजार माणसं उतरवायची, केबिन झाडायच्या, तेवढीच नवी माणसं चढवायची, शिवाय डिझेल, पाणी, भाजीपाला, धुतलेल्या चादरी, कचरा, सामानाचं स्कॅनिंग, परदेशी जाणारी असेल तर इमिग्रेशन, आणि हे सगळं संध्याकाळच्या आत. यासाठी धक्का लागतो, गोदाम लागतं आणि आजूबाजूला एवढी तिकिटं घेणारी वस्ती लागते. अमेरिकेत गॅल्वेस्टनहून बोटी भरून जातात कारण टेक्सासची माणसं गाडी काढून तिथे येतात. टँपाला मात्र बंदराच्या वाटेवर पूल आहे, 180 फुटांच्या आसपास उंचीचा, त्यामुळे अगदी अवाढव्य बोटी आतच जाऊ शकत नाहीत. सगळ्या बंदरांना सगळं जमत नाही.

पण म्हणून सगळं मुंबईतच कोंबायचं हेही मला पटत नाही. भूमध्य समुद्रात एकाच फेरीत कोणी बार्सिलोनाला चढतो, कोणी मार्सेला, कोणी जेनोव्हाला, आणि जो जिथे चढला तिथेच तो आठवड्याने उतरतो. आपल्या एसटीसारखंच की! रत्नागिरीहून सुटणारी बोट मागू नका, रत्नागिरीला थांबणारी आणि तिथे चढ-उतार करू देणारी मागा. धक्का लहान असला तर बोट बाहेर नांगर टाकेल, छोट्या लाँचने माणसं ने-आण करतील. कोकणात आगबोटी चालायच्या तेव्हा कितीतरी बंदरांत असंच होतं, आगबोट लांब उभी आणि माणसं, ट्रंका, आंब्याच्या पेट्या पडावातून, म्हणजे छोट्या होड्यांतून, किनाऱ्याला. लाटा असल्या की तंतरायची, ते वेगळं. आणि पावसाळ्यात सगळं बंदच, अरबी समुद्राशी तेव्हा वाद नको.

तुमच्यापुरतं सांगू? गाडी काढूच नका. पंचवटी एक्सप्रेसने नाशिकरोडहून सकाळी निघालात की अकराच्या आत सीएसएमटी, तिथून बोटीचा धक्का बॅलार्ड पिअर टॅक्सीने दहा मिनिटं, घाटात गाडी चालवणं नाही आणि पार्किंगही नाही. गाडीच न्यायची असेल तर 2025 च्या जूनपासून समृद्धी महामार्ग भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत पूर्ण झालाय, इगतपुरीच्या बोगद्याने कसारा टळतो, फक्त आमण्याच्या पुढे जे काय होईल ते तुमचं नशीब. परतीला बोट सकाळी लागते, पंचवटी थेट संध्याकाळी, तेव्हा जनशताब्दी नाहीतर वंदे भारतचं बुकिंग आधीच करून ठेवा, नाहीतर आईंना दिवसभर स्टेशनवर बसवाल.

आणि एक, हे मी स्वतः भोगलंय. चेक-इनला मोठ्या बॅगांना केबिन नंबरचा टॅग लावून त्या घेऊन टाकतात आणि मग त्या केबिनच्या दारात येईपर्यंत चार-पाच तास जातात. माझ्या सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या नेमक्या त्याच बॅगेत, आम्ही संध्याकाळी सातपर्यंत कॉरिडॉरमध्ये येणाऱ्या प्रत्येक ट्रॉलीमागे धावत होतो आणि त्या मात्र डेकवर बसून निवांत भजी खात होत्या. तर आईंच्या गोळ्या, चष्मा आणि एक स्वेटर त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीत.