रिपोर्ट नॉर्मल आहेत, मग दुखतं कशानं?

"मॅडम, सगळे रिपोर्ट नॉर्मल आलेत. मग दुखतं कशानं? माझ्या डोक्यात तर काही बिघाड नाही ना?"

सरकारी रुग्णालयातल्या माझ्या टेबलासमोर हा प्रश्न इतक्यांदा येतो की बाई खुर्चीत टेकायच्या आधी तिच्या हातातल्या पिशवीवरूनच मी तो ओळखते. साडीच्या दुकानाची प्लॅस्टिकची पिशवी, आत सोनोग्राफी, एक्स-रे, थायरॉइड आणि वेगवेगळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या. शेवटच्या चिठ्ठीत बहुधा कॅल्शियमच्या गोळ्या आणि एक सल्ला : टेन्शन घेऊ नका. ते घ्यायचं नाही म्हणजे नेमकं काय करायचं, हे मात्र कुणी लिहीत नाही.

सविताची पिशवी अशीच फुगलेली होती. (नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.) वय पस्तिशीचं, दोन मुलं, नवरा एमआयडीसीत शिफ्टमध्ये कामाला. तक्रारी : डोकं ठणकतं, कंबर धरते, चक्कर येते, अंगावरून पांढरं जातं. सोबत सासूबाई. केसपेपरवर नर्सने विचारून लिहून ठेवलं होतं, 'घरात मारहाण : नाही.'

सासूसमोर विचारलं तर उत्तर 'नाही' असंच येणार. मी त्यांना केसपेपरवर शिक्का मारून आणायला पाठवलं. आमच्या खिडकीवरची रांग एरवी वैताग आणते, पण अशा वेळी तिच्यासारखी मैत्रीण नाही.

पहिल्या भेटीत मी मारहाणीचा विषयच काढला नाही. एवढंच विचारलं, "दुधाचा हिशोब कुठे ठेवता?"

"कालनिर्णयवर. खाडा झाला की फुली."

"मग ज्या दिवशी डोकं दुखेल त्या तारखेखाली पेनानं एक ठिपका द्या. कुणाला काही सांगायची गरज नाही."

पुढच्या वेळी ती कॅलेंडरचं पान घडी घालून घेऊन आली. दुधाच्या फुल्या, गॅस आल्याची तारीख, मुलाची फी आणि मध्येमध्ये ठिपके. मी काही बोलले नाही. तीच बोट फिरवत राहिली. मग थांबली.

"ह्या आठवड्यात एकच आहे."

"काय होतं त्या आठवड्यात?"

"ह्यांची सेकंड शिफ्ट. रात्री उशिरा येतात, जेवून झोपतात." थोड्या वेळाने, "आणि तो एक ठिपका पाळीचा."

माझ्या कामातला हा क्षण मला सगळ्यात मोलाचा वाटतो. मी सांगितलं असतं तर तिने नवऱ्याची बाजू घेतली असती. तिच्याच स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरशी वाद घालणं तिला जमेना. बाईला आपल्या आयुष्याचा अर्थ बाहेरून कुणी सांगावा लागत नाही, तिच्या हाती तिची स्वतःची माहिती द्यावी लागते, ही माझी जुनी श्रद्धा. सहकारी त्यावरून चिडवतात, चिडवू देत.

आता विचारायची वेळ झाली होती.

"रागाच्या भरात हात पिरगाळतात?"

"ते... हो. कधीकधी."

"ढकलतात? केस धरतात?"

"केस नाही. ढकलतात."

"कानाखाली?"

ती गप्प बसली. मघापासून ती मान वळवून उजवा कान माझ्याकडे करत होती, ते माझ्या लक्षात आलं होतं.

"पण मॅडम, मारत नाहीत हो. तसे चांगलेत."

असं एकेक विचारण्याची पद्धत माझी नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बायकांना 'तुमच्यावर हिंसा होते का' असं विचारत नाहीत. ढकललं का, थोबाडीत मारली का, हात पिरगाळला का, असं एकेक कृत्य घेऊन विचारतात. घरातल्या एकाच बाईला, एकांतात. एकांत मिळत नसेल तर तो भाग सोडून देतात. 2019 ते 21 च्या फेरीत अशा विचारण्यातून दिसलं की लग्न झालेल्या 18 ते 49 वयाच्या 29 टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसली आहे. आणि हिंसा सोसलेल्यांपैकी 77 टक्क्यांनी ना कुणाची मदत घेतली, ना कुणाला सांगितलं.

सविताला मी आणखी एक सांगितलं. जागतिक आरोग्य संघटनेने 10 देशांतल्या 24 हजारांहून जास्त स्त्रियांशी बोलून एक मोठा अभ्यास केला, त्याचा अहवाल 2005 साली आला. नवऱ्याचा मार सोसलेल्या बायकांमध्ये दुखणं, चक्कर, विसरभोळेपणा, चालायला त्रास, अंगावरून जाणं या तक्रारी इतरांपेक्षा जास्त आढळल्या. मार कधीचा जुना असला तरी.

"म्हणजे हे माझ्या एकटीचंच नाही?"

"नाही. आणि खोटंही नाही."

ती रडली नाही. पिशवीतले रिपोर्ट काढून तारखेप्रमाणे लावू लागली.

इथे एक सावधगिरी. सगळं दुखणं घरातल्या त्रासावर ढकलून तपासणी टाळू नका. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत 650 स्त्रिया तपासल्या, तो अभ्यास 1989 मध्ये प्रसिद्ध झाला. 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता आणि त्याआधी तशी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम 8 टक्के. सविताचीही सोनोग्राफी दोनदा झाली होती, आतून तपासणी एकदाही नाही. ती करून घेतली, जंतुसंसर्ग निघाला, गोळ्यांनी बरा झाला. हिमोग्लोबिनही कमी होतं. आणि कानाच्या डॉक्टरांकडे पाठवलं, तर डाव्या कानाच्या पडद्याला छिद्र. कानाखाली बसलेल्या चपराकीने असं होतं. तिने कधी सांगितलं नव्हतं, म्हणून इतक्या तपासण्यांत कान कुणी पाहिलाच नव्हता.

मग नवऱ्याला बोलावून समजावायचं का? बऱ्याच घरच्यांना तेच हवं असतं. बाई सुरक्षित आहे याची खात्री होईपर्यंत मी दोघांना समोरासमोर बसवत नाही. इथे ती जे बोलेल त्याचा हिशोब घरी चुकता होतो.

तुमच्यापैकी कुणाच्या पिशवीत असेच रिपोर्ट असतील तर : डॉक्टरांना एकांतात सांगा आणि केसपेपरवर 'पतीने मारल्यामुळे' असं लिहून घ्या, तो कागद पुढे कोर्टात चालतो. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे, म्हणजे याच कामासाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करता येतो. त्यासाठी घटस्फोट घ्यावा लागत नाही, घरही सोडावं लागत नाही. राहत्या घरात राहण्याचा हक्क तोच कायदा देतो. 181 हा महिला हेल्पलाइनचा नंबर फोनमध्ये दुसऱ्या नावाने ठेवा. भांडण पेटतंय असं वाटलं तर स्वयंपाकघरात जाऊ नका, तिथे विळी असते, गॅस असतो. दाराजवळ राहा.

सविता अजून त्याच घरात आहे. भावाला सांगितलंय, शेजारणीशी खूण ठरली आहे, अर्ज भरून तयार आहे. तो कधी द्यायचा ते ती ठरवेल. कंबर अजून धरते. कानाचा रिपोर्ट आला त्या दिवशी तिने दोन झेरॉक्स काढल्या, एक भावाकडे ठेवली आणि दुसरी माझ्या फाइलला लावायला सांगितली.