तारीख मोकळी होती

प्रिय भगिनी,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. कोलोरॅडोत तुम्ही आणि तुमच्या मोठ्या जाऊबाई मिळून केकचे दुकान चालवता. तीन वर्षे आईच्या वाढदिवसाचा केक तुमच्याकडून नेणाऱ्या एका ग्राहकाने आपल्या लग्नासाठी केक मागितला, लग्न करणारे दोघेही पुरुष आहेत हे कळताच जाऊबाईंनी ‘हे आपल्या धर्मात बसत नाही’ म्हणून हात झटकले, आणि तुम्ही ‘त्या तारखेला आम्हाला जमणार नाही, आधीच ऑर्डर आहे’ असे कळवून मोकळ्या झालात. ऑर्डर नव्हती. आता तुम्ही विचारता, की घरातल्या वडीलधाऱ्या बाईच्या श्रद्धेचा मान राखला यात चुकले काय, आणि चुकले नसेल तर झोप का लागत नाही.

जाऊबाईंच्या श्रद्धेची थट्टा मी करणार नाही. मन साक्ष देत नाही अशा कार्याला हातभार लावताना माणूस खरोखर अस्वस्थ होतो. परंतु त्यांनी नेमके काय नाकारले, मजकूर की माणूस, हे त्यांना शांतपणे विचारा. बेलफास्टमधल्या एका बेकरीने समलिंगी विवाहाला पाठिंबा देणारी घोषणा केकवर लिहिण्यास नकार दिला, तेव्हा ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली बेकरीच्या बाजूने निकाल दिला, कारण ती घोषणा तिने कोणत्याच ग्राहकासाठी लिहिली नसती. तुमच्या ग्राहकाने घोषणा मागितलीच नव्हती. त्याने मागितला तो पांढऱ्या फुलांचा तीन थरांचा केक, आणि तसाच केक गेल्या महिन्यात तुम्ही दुसऱ्या जोडप्याला दिला, असे तुम्हीच लिहिले आहे.

समलिंगी जोडप्याच्या लग्नाचा केक करण्यास धर्माचे कारण देऊन नकार देणाऱ्या तुमच्याच राज्यातल्या बेकरीवाल्याचा जाऊबाई दाखला देतात. २०१८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात तो सात विरुद्ध दोन मतांनी जिंकला हे खरे, पण राज्याच्या नागरी हक्क आयोगाने त्याच्या श्रद्धेविषयी आकस दाखवला म्हणून जिंकला. धर्माचे कारण सांगून वाटेल तो ग्राहक परत पाठवण्याची मुभा त्या निकालाने दिलेली नाही. समलिंगी लग्नांसाठी वेबसाइट करायची नव्हती अशा एका महिलेला २०२३ मध्ये त्याच न्यायालयाकडून जी मोकळीक मिळाली, तीही न पटणारा मजकूर रचण्याची सक्ती नको, या अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या आधारे. कोलोरॅडोचा कायदा लैंगिक कलावरून सेवा नाकारू देत नाही, तेव्हा एखाद्या वकिलाला लवकर भेटा.

जाऊबाईंना एक जुना खटलाही सांगा. दक्षिण कॅरोलिनातल्या एका उपाहारगृहमालकाने कृष्णवर्णीयांना गोऱ्यांच्या बरोबरीने जेवू घालणे आपल्या धर्मश्रद्धेविरुद्ध आहे, असा दावा केला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली तो साफ उडवून लावला. त्या उपाहारगृहात तुम्हा दोघींना कोठे बसवले असते, हा विचार मी जाऊबाईंवरच सोडते.

तुमची झोप मात्र कायद्यामुळे उडालेली नाही. जाऊबाईंनी निदान आपल्या मनातले उघड सांगितले. खोटे तुम्ही बोललात, तेही ज्याच्या आईचे नाव तुम्ही तीन वर्षे केकवर लिहिले त्याच्याशी, आणि खोटे बोला असे जाऊबाईंच्या श्रद्धेने तुम्हाला सांगितले नव्हते. म्हणून आधी जाऊबाईंशी बोला, त्यांच्या पाठीमागे काही करू नका. दुकानाने सेवा दिली पाहिजे, पण ती दर वेळी त्यांच्याच हातून घडली पाहिजे असे नाही. हा केक तुम्ही सजवा, त्या दिवशी त्या दुसरे काम पाहतील. एवढ्यालाही त्या तयार नसतील, तर भागीदारी पुढे कशी चालवायची हे दोघींना आताच ठरवावे लागेल, आणि तेव्हा जाऊपणाची भीड आड येऊ देऊ नका.

मग त्या ग्राहकाला फोन करा. ईमेलमागे लपू नका. तारीख मोकळी होती, हे पहिल्याच वाक्यात सांगा, क्षमा मागा आणि केक करून देण्याची तयारी दाखवा. दोष जाऊबाईंवर ढकलू नका. तो नको म्हणाला तर आग्रह करू नका. आणि पुढच्या वाढदिवसाला तो दुकानात आला नाही, तर का आला नाही हे जाऊबाईंनाही ठाऊक असू द्या.