वाळू, डांबर आणि दुब्युफे

प्रश्न: दादा, माझं मालवणात जाळी, दोरखंड, बोये असं सामान विकायचं दुकान आहे, वय ४३. दोन वर्षं झाली, प्लायवूडवर वाळू, सुंभ, फाटक्या जाळ्याचे तुकडे, शिंपले चिकटवून चित्रं करतो, कधी होडीचं उरलेलं डांबर पण लावतो. आई म्हणते "ह्या काय करतंस, भिंत लिपतंस काय?" एका पाहुण्याने सांगितलं की फ्रान्समध्ये दुब्युफे नावाचा माणूस हेच करायचा, तर तो कोण? आणि माझी चित्रं पावसाळ्यात फुगतात, रंग पापुद्र्यासारखा सुटतो, त्याचं काय करू?

उत्तर: पाहुणा हुशार दिसतोय. झां दुब्युफे, जन्म १९०१ चा, गाव ल हाव्र, म्हणजे हा पण बंदरावरचाच, आणि घरचा धंदा वाइनचा. १९१८ ला पॅरिसला चित्रकला शिकायला गेला, सहा महिन्यांत क्लास सोडला, मग मधली कितीतरी वर्षं वाइन विकत बसला, मध्ये चित्रं सुरू केली, परत सोडली, आणि १९४२ मध्ये एकदाचा धंदा बाजूला टाकून रंगात उतरला तेव्हा वय होतं ४१. पहिलं एकट्याचं प्रदर्शन १९४४ ला. तुम्ही पण दोन वर्षांपूर्वी, म्हणजे ४१ व्या वर्षीच सुरू केलंत, उशीर झालेला नाही.

पण खरी गंमत १९४६ च्या प्रदर्शनात झाली. नावातच 'मकादाम', म्हणजे खडीचा रस्ता! रंगात वाळू, खडी, डांबर कालवून जाड लगदा करायचा, तो थापायचा आणि ओल्यातच खरवडून माणसं काढायची. लोक भडकले, चिखल म्हणाले, तुमच्या आईसारखंच की. (आईंना राग नको, लिंपणं ही फार मोठी कला आहे, शेणाने सारवलेल्या खळ्यावर बोटांचे अर्धगोल उठतात ना, ते दुब्युफेला नक्की आवडले असते असं मला वाटतं.) पुढे १९५३ मध्ये त्याने फुलपाखरांचे पंख चिकटवून कोलाज केले, मग स्पंज आणि कोळशाच्या छोट्या मूर्त्या, आणि १९६२ मध्ये फोनवर बोलता बोलता बॉलपेनने गिरगटलं त्यातून 'उर्लूप' नावाची अख्खी मालिका निघाली, ती बारा वर्षं चालली. वेड्यांच्या इस्पितळातली, तुरुंगातली, कधी कुठे न शिकलेल्या माणसांची चित्रं तो जमवायचा, त्याला 'आर्ट ब्रूत', म्हणजे कच्ची कला, हे नाव त्यानेच दिलं, आणि तो संग्रह १९७६ पासून स्वित्झर्लंडमध्ये लोझानला बघता येतो. १९८५ ला तो गेला.

त्याच्याकडून एकच गोष्ट उचला. तो वाळूला समुद्र बनवायला जात नव्हता, वाळू ही वाळूच दिसायची. तुम्ही शिंपल्यांचं कमळ करत असाल तर ते स्टेशनवरच्या दुकानात खपेल, पण जाळ्याची गाठ गाठ म्हणूनच राहू द्या, ती तुमच्याएवढी कुणाला कळणार.

आता पावसाळा. दोष तुमच्या हाताचा नाही, मिठाचा आहे. किनाऱ्यावरच्या वाळूत मीठ असतं, ते हवेतला दमटपणा ओढतं आणि रंगाला खालून उचलतं, घराच्या भिंतीला लोणा लागतो तसंच. वाळू, शिंपले, जुनं जाळं सगळं विहिरीच्या गोड्या पाण्यात तीन-चार वेळा धुवा, एप्रिल-मेच्या कडक उन्हात वाळवा, बरणीत भरून ठेवा. प्लाय मरीन घ्या, आणि प्रायमर पुढून, मागून, कडांना सगळीकडे मारा, लोक पाठ विसरतात आणि पाणी तिथूनच शिरतं. भिंतीला चिकटवून टांगू नका, मागे लाकडाचे दोन ठोकळे लावा म्हणजे हवा खेळेल. डांबर मात्र जपून हां, ते पूर्ण असं सुकतच नाही, उन्हाळ्यात पत्र्याखाली मऊ पडतं आणि वरच्या रंगात पाझरतं. लावायचंच तर सगळ्यात वर, पातळ, त्याच्यावर काही नको.

आणि दोन-तीन चित्रांचे फोटो पाठवा, फ्लॅश न मारता, सकाळी दारातून तिरपा उजेड येतो ना त्यात काढा, नाहीतर सगळे उंचवटे सपाट दिसतील.