वाचक विचारतात: ग्रुपवर नोटीस येते, उत्तर कोण देणार?

ताई, मी डोंबिवलीहून दादरला कॉलेजला येते, एसवायला म्हणजे दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजचं इन्स्टा, फेसबुक, व्हॉट्सॲप सगळं आहे, पण व्हॉट्सॲप ग्रुपवर फक्त ॲडमिन लिहू शकतात. परवा केटीच्या, म्हणजे राहिलेला विषय पुन्हा देण्याच्या फॉर्मची नोटीस आली, 'संबंधित विद्यार्थ्यांनी' एवढंच लिहिलेलं, आता मी त्यात येते की नाही हे विचारायचं कुठे? सरांना मेसेज केला तर ब्लू टिक झाली पण उत्तर नाही, इन्स्टावर कमेंट टाकली तर ती उडवली. मग हे सगळं आहे कशासाठी?

तुझा राग अगदी बरोबर आहे गं. इन्स्टा बहुतेक कॉलेजांत फेस्ट आणि ॲडमिशनसाठी चालतं, तिथली कमेंट परीक्षा विभागापर्यंत पोचतच नाही. फक्त ॲडमिनने लिहायचं ही सोय व्हॉट्सॲपने २०१८ मध्ये दिली आणि ती चांगलीच आहे, नाहीतर गुड मॉर्निंगच्या फुलांखाली फॉर्मची शेवटची तारीख गाडली जाते. पण एक दार बंद केलं तर दुसरं उघडायला हवं ना, ते कुणी करत नाही. २०१९ मध्ये केंद्राच्या शिक्षण खात्याने उच्च शिक्षण संस्थांना 'सोशल मीडिया चॅम्पियन' नेमायला सांगितलं होतं, म्हणजे कॉलेजातल्या चांगल्या गोष्टी बाहेर पोचवणारा माणूस. मुलांचे प्रश्न आत घेऊन जाणारा माणूसही तसाच नावानिशी नेमला पाहिजे असं मला मनापासून वाटतं. मुंबई विद्यापीठाची कॉलेजं पार सिंधुदुर्गापर्यंत पसरलीत, कणकवलीच्या मुलीने एका शंकेसाठी मुंबईत कलिनाला, विद्यापीठात यायचं का?

तोवर एक कर. 'सर एक डाउट होता' असं पाठवू नकोस, त्यावर कुणीच काही सांगू शकत नाही. एकाच मेसेजमध्ये नाव, रोल नंबर, सेमिस्टर, विषय, थिअरीत राहिलीस की इंटर्नलमध्ये (कॉलेजच्या अंतर्गत मार्कांत), आणि सरळ प्रश्न, 'हा फॉर्म मी भरायचा का?' सोबत नोटिशीचा फोटो. दिवसा पाठव, दुसऱ्या दिवशीही उत्तर नाही आलं तर सीआरला, म्हणजे वर्गप्रतिनिधीला घेऊन थेट ऑफिसच्या खिडकीवर जा, शेवटच्या तारखेची वाट बघू नकोस, लेट फी तुझ्याच खिशातून जाते. आणि मार्कशीटचा फोटो ग्रुपवर कधीच टाकू नकोस, त्यावर सीट नंबरपासून आईच्या नावापर्यंत सगळं असतं.

अजून एक, पावसाळ्यात 'पेपर पुढे ढकलला' असं पत्रक फिरलं की आधी विद्यापीठाच्या वेबसाइटवर बघ. ८ जुलै २०२४ ला तुफान पाऊस झाला तेव्हा विद्यापीठाने खरंच परीक्षा पुढे ढकलल्या होत्या, म्हणून तर खोट्या पत्रकावरही मुलांचा पटकन विश्वास बसतो.

मॅडम, मी उपनगरातल्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतो. मुलं रात्री बाराला मेसेज करतात, इन्स्टावर फॉलो रिक्वेस्ट पाठवतात. प्राचार्य म्हणतात मुलांशी कनेक्टेड राहा. किती राहायचं?

सर, पर्सनल अकाउंटवर कुणालाच घेऊ नका. चौघांना घेतलंत आणि बाकीच्यांना नाही, तर इंटर्नलचे मार्क लागल्यावर कुजबुज सुरू होणारच. आणि तासाचे पैसे मिळणाऱ्या माणसाने मध्यरात्री फुकट ड्यूटी करायची ही अपेक्षाच चुकीची आहे, हे प्राचार्यांना शांतपणे सांगा.

पण वेळ ठरवून द्या आणि ती पाळा. ग्रुपवर असं पिन करून ठेवा: 'शंका संध्याकाळी ५ ते ६ मध्ये विचारा. जर्नल आणि प्रोजेक्टचं गूगल क्लासरूमवर. अडचण खाजगी असेल तर स्टाफरूममध्ये या.' गूगल क्लासरूममध्ये असाइनमेंटखाली प्रायव्हेट कमेंटची सोय आहे, ती फक्त शिक्षकांना दिसते, लाजऱ्या मुलांना त्याचा फार उपयोग होतो. वर्गात हात वर न करणारी मुलगी तिथे दोन ओळी लिहिते, 'सर, स्टँडर्ड डेव्हिएशनमध्ये वर्ग का करायचा ते कळलं नाही', आणि तोच प्रश्न अर्ध्या वर्गाला पडलेला असतो. तिचं नाव न घेता उत्तर सगळ्यांना टाका, एकच प्रश्न वीस जणांकडून येणं थांबेल.

मुलींच्या नंबरचं मात्र बघा. साध्या ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो आणि मग अनोळखी मुलांचे मेसेज सुरू होतात. व्हॉट्सॲप कम्युनिटीच्या अनाउन्समेंट ग्रुपमध्ये मेंबर्सना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, कॉलेजभरच्या नोटिसांसाठी तेच वापरा. सीनियर मुलं फर्स्ट इयरसाठी वेगळे ग्रुप काढून त्रास देतात तेही रॅगिंगच आहे, यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०२५ मध्ये अशा ग्रुपवर लक्ष ठेवायला कॉलेजांना सांगितलंय. रॅगिंगविरोधी हेल्पलाइनचा नंबर १८००-१८०-५५२२, पिन केलेल्या मेसेजमध्ये तोही घाला.

मुलगा एफवायला, पहिल्या वर्षाला आहे. कॉलेजच्या ग्रुपमध्ये आम्हा पालकांनाही घ्यावं अशी मागणी करू का?

नको हो. वर्गाच्या ग्रुपवर आई-बाबा बसले की मुलं तिथे तोंडच उघडत नाहीत आणि सगळं बोलणं दुसऱ्या ग्रुपवर जातं, जिथे शिक्षकही नसतात. हजेरी आणि फीसाठी पालकांचा वेगळा ग्रुप मागा, तो मिळायलाच हवा. बाकीचं मुलाला जेवताना विचारा.