आईच्या दुधातली प्रतिपिंडे बाळाच्या रक्तात जातात का?

जवळजवळ नाहीच. वासराला चिकातून रक्तात प्रतिपिंडे (जंतूंशी लढणारी प्रथिने) मिळतात. माणसाच्या बाळाला आयजीजी ही रक्तातली प्रतिपिंडे जन्माआधीच वारेतून मिळतात, तीही मुख्यतः शेवटच्या तिमाहीत. म्हणून फार लवकर जन्मलेल्या बाळात ती कमी असतात. त्यांचे अर्धायुष्य (निम्मी उरायला लागणारा काळ) सुमारे 21 दिवस, त्यामुळे 3 ते 6 महिन्यांच्या सुमारास पातळी तळ गाठते. लसी वेळेवर द्यायच्या त्या याचसाठीही.

दुधात मुख्यतः स्रावी आयजीए हा दुसरा प्रतिपिंड-प्रकार असतो. पाचकरसांपुढे तो बऱ्यापैकी टिकतो आणि आतड्याच्या अस्तराला जंतू चिकटू देत नाही. सोबतचे लॅक्टोफेरिन हे प्रथिन लोह धरून ठेवते, त्यामुळे जंतूंची वाढ खुंटते. चिकात दोन्ही भरपूर असतात. तो पिळून टाकणे हे खरे नुकसान. काढून ठेवलेले दूध उकळू नका, भांडे कोमट पाण्यात ठेवा. उकळल्यास ही प्रथिने निकामी होतात.